रबराच्या चिकाचा साचा



फणस चिरायला बसताना घरातली बाई आधी हाताला आणि विळीला तेल फासते. का, ते तुम्हाला सांगायला नको. फणसाचा चीक एकदा बोटांना चिकटला की धुऊन जात नाही. वड, उंबर, रुई यांच्या अंगातही असाच पांढरा चीक असतो. आज ज्या चिकाबद्दल सांगायचे आहे तो याच जातीचा, पण परदेशातून आलेल्या एका झाडाचा आहे. त्या झाडाला आपण रबराचे झाड म्हणतो आणि त्याच्या चिकाला बाजारात लॅटेक्स म्हणतात. या चिकापासून घरच्या घरी साचा करता येतो, आणि त्या साच्यातून शोभेच्या लहानसहान वस्तू एकसारख्या ओतून काढता येतात.

कर्जत आणि खालापूरच्या माणसाला साचा हा शब्द नवा नाही. खोपोलीवरून निघालेला रस्ता ज्या पेणला जातो, ते गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सगळ्या महाराष्ट्रात ओळखले जाते. पेण, हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर मूर्ती घडत असतात. तेथील कारखान्यांत दोन तऱ्हेचे साचे दिसतात. एक प्लास्टरचा कडक साचा आणि दुसरा रबराचा मऊ साचा. दोन्ही कशासाठी, हे नीट कळले म्हणजे या धंद्याची निम्मी विद्या कळली.

समजा, तुमच्याकडे मातीचा एक मोर आहे. त्याच्या मानेखाली खोबण आहे, पंखांच्या आत सांदी आहेत. यावर कडक साचा घेतलात, तर साचा त्या खोबणीत अडकून बसेल. ओढून काढू गेलात तर मोराची मान मोडेल, नाहीतर साचा फुटेल. म्हणून कडक साचा अनेक तुकड्यांत करावा लागतो, आणि ते कसबी हाताचे काम आहे. रबराचा साचा मात्र पायमोज्यासारखा सोलून काढता येतो. खोबणीतून तो वाकून, ताणून बाहेर येतो आणि सोडल्यावर पुन्हा आपल्या आकाराला जातो. नवशिक्या माणसाला रबराचा साचा सोपा जातो, तो यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, मग कडक साचा हवाच कशाला? तर ओल्या मातीसाठी हवा. शाडूची माती साच्यात दाबली की तिच्यातले पाणी कोणीतरी शोषून घेतले पाहिजे. तेव्हाच ती जराशी आकसते आणि साच्यापासून सुटते. प्लास्टर पाणी शोषते, रबर शोषत नाही. म्हणून मातीच्या मूर्तीला प्लास्टरचा साचा, आणि जे पातळ ओतले असता आपोआप घट्ट होते अशा प्लास्टरच्या वस्तूला रबराचा साचा, असा साधा हिशेब लक्षात ठेवावा.

हा चीक येतो कोठून? रबराचे झाड मूळचे ब्राझीलकडचे. सन १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने त्याचे सुमारे ७०,००० बी लंडनजवळच्या क्यू येथील बागेत नेले. त्यांपैकी थोडेच रुजले, पण ती रोपे पुढे सिलोन व मलायाकडे पाठवली गेली आणि आशियात रबराचे मळे उभे राहिले. आपल्या देशात रबर मुख्यतः केरळात पिकते. सन १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेले रबर बोर्ड केरळातील कोट्टायम येथेच आहे. अलीकडच्या काळात आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गाकडेही रबराच्या बागा झाल्या आहेत.

झाडाच्या सालीला तिरकी खाच पाडली की दुधासारखा चीक ठिबकतो. त्यात रबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. या चिकाची चाल दुधासारखीच असते. उघडा ठेवला तर जंतूंमुळे आंबतो आणि नासलेल्या दुधासारखा त्याचा गोळा होतो. तो नासू नये म्हणून त्यात अमोनिया मिसळतात. नंतर यंत्रात गरगर फिरवून, साय काढावी तसे त्यातले पाणी कमी करतात. अशा दाट चिकात शेकडा ६० भाग रबर असते. साच्यासाठी चीक विकत घेताना साच्याचेच लॅटेक्स मागावे. त्यात गंधकाची प्रक्रिया आधीच केलेली असते, त्यामुळे वाळल्यावर रबर मजबूत आणि लवचीक होते.

पहिल्या खेपेला मोराच्या वाटेला जाऊ नका. सपाट पाठीची एखादी लहान पट्टी घ्या. आपला मुलूख भाताचा आहे, तेव्हा चार इंच लांब, तीन इंच रुंद अशा मातीच्या पट्टीवर भाताची लोंबी उठावात घडवा. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. दाणे ठसठशीत असू द्यात, पण सुईच्या अग्राएवढे बारीक काम पहिल्या वेळी नको. पट्टी सावलीत सावकाश वाळवा. भरभर वाळवलीत तर तडे जातील.

पट्टी पूर्ण वाळली की तिच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन हात द्या. चिकात पाणी असते. कच्च्या मातीला ते पाणी लागले की माती मऊ पडते आणि दाण्यांची धार जाते. लाखेच्या थराने हे टळते. लाख वाळल्यावर पट्टी काचेच्या तुकड्यावर किंवा गुळगुळीत फळीवर ठेवा आणि तिच्या कडेची फट ओल्या मातीने बुजवा.

आता चीक लावायचा. तो एका वाटीत लागेल तेवढाच ओता आणि डबा लगेच बंद करा. त्यातून अमोनियाचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. म्हणून हे काम पडवीत किंवा अंगणात, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून करावे. डोळ्यात थेंब उडाला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. काही माणसांच्या अंगाला रबर सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वासही लागतो. तसे ज्याला होत असेल त्याने या कामापासून लांबच राहावे. कपड्यावर वाळलेला चीक निघत नाही, तेव्हा जुने कपडे घाला.

कुंचला आधी साबणाच्या पाण्यात बुडवून निथळून घ्या. नाहीतर चीक केसांतच गोठेल आणि कुंचला फेकून द्यावा लागेल. पहिला हात अगदी पातळ द्या. कुंचला फरफटवू नका, टोकाने टिपत टिपत प्रत्येक दाण्याच्या सांदीत चीक पोचवा. हवेचा बुडबुडा दिसला की लगेच फोडा. साच्याचा चेहरा म्हणजे हा पहिला थर. येथे राहिलेला बुडबुडा पुढे प्रत्येक वस्तूवर मसासारखा उमटतो. चीक पट्टीच्या कडेबाहेर काचेवरही बोटभर पसरवा. ती झालर पुढे साचा धरायला आणि सोलायला उपयोगी पडते.

चीक लावताना दुधासारखा पांढरा असतो, वाळला की पिवळसर आणि पारदर्शक होतो. हीच खूण. पांढरेपणा पुरता गेल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. घाई केलीत तर आतला ओलावा कोंडला जाईल आणि साचा कच्चा राहील. माघ-फाल्गुनात एक थर तासा-दोन तासांत वाळेल. आषाढ-श्रावणात, खंडाळ्याच्या घाटाखाली ढग उतरलेले असताना, त्याला अर्धा दिवससुद्धा लागेल. म्हणून कर्जत-खालापूरकडे हे काम दिवाळीनंतर काढावे आणि होळीपर्यंत साचे तयार करून ठेवावेत. कडक उन्हात वाळवू नये, वारा खेळेल अशी सावली उत्तम.

असे आठ ते दहा हात द्यायचे. चौथ्या-पाचव्या हातानंतर ओल्या चिकावर मलमलीचे किंवा बँडेजच्या कापडाचे लहान लहान तुकडे बसवा आणि त्यांवरून पुन्हा चीक लावा. भिंतीला गिलावा देताना जाळी घालतात तसा हा आधार असतो. त्यामुळे झालर फाटत नाही. शेवटचा हात वाळल्यावर साचा दोन दिवस तसाच राहू द्या.

रबराचा साचा मऊ असतो. नुसता ठेवून त्यात प्लास्टर ओतलेत तर वजनाने त्याचे पोट सुटेल आणि पट्टी वाकडी निघेल. म्हणून त्याला बाहेरून कडक कवच लागते. नमुना आत असतानाच, भोवती मातीची किंवा पुठ्ठ्याची भिंत करा, रबरावर साबणाचे पाणी फिरवा आणि वरून अंगठ्याएवढ्या जाडीचे प्लास्टर ओता. सपाट पट्टीला हे कवच एका तुकड्याचे चालते. मोरासारख्या भरीव आकाराला ते दोन तुकड्यांचे करावे लागते. कवच घट्ट झाले की उचलून बाजूला ठेवा.

मग साचा सोला. त्याआधी बाहेरून शंखजिऱ्याची पूड चोळा, आणि सोलत जाल तशी आतूनही भुरभुरा. नवे रबर स्वतःलाच चिकटते. पूड न लावता दोन बाजू एकमेकींना टेकल्या तर त्या सुटता सुटत नाहीत आणि आठ दिवसांची मेहनत वाया जाते.

आता ओतकाम. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. जिप्समचा दगड सुमारे १५० अंशांपर्यंत तापवला की त्याच्या अंगातले बरेचसे पाणी उडते आणि त्याची भुकटी होते. पॅरिसजवळ या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले. भुकटीत पाणी घातले की ती गेलेले पाणी परत घेते आणि पुन्हा दगड बनते. पाणी परत घेताना ती तापते, हे विसरू नका.

प्रमाण असे काढा. साचा कवचात बसवून त्यात पाणी भरा आणि ते मोजा. समजा २०० मिलिलिटर भरले. त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटर पाणी भांड्यात घ्या. त्या पाण्याच्या जवळजवळ दीडपट वजनाचे, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम प्लास्टर तोलून ठेवा. साचा कोरडा करा. मग प्लास्टर पाण्यात घाला, पाणी प्लास्टरात नव्हे. पिठल्याला पीठ लावताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून आपण जसे भुरभुरवतो, तसेच हळूहळू भुरभुरवा. एक मिनिट भिजू द्या, मग सावकाश ढवळा. जोराने घुसळलेत तर हवा शिरेल. सायीसारखे दाट झाले की आधी थोडे ओतून साचा कलता करून सगळीकडे फिरवा, मग उरलेले ओता आणि कवचाला बाहेरून हळू थापट्या मारा, म्हणजे बुडबुडे वर येतील. अर्ध्या-पाऊण तासात प्लास्टर आधी गरम होईल, मग निवेल. निवल्यावर साचा सोला. पट्टी दोन-चार दिवस वाळली की रंग द्या.

भांड्यात उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नका. ते नळीत दगडासारखे बसेल. भांड्यातच घट्ट होऊ द्या आणि खरवडून खड्ड्यात टाका. प्लास्टरचे पोते पावसाळ्यात उघडे राहिले तर हवेतील दमटपणा घेऊन ते मरते. शंका आली तर चमचाभर कालवून पानावर ठेवा. अर्ध्या तासात घट्ट झाले नाही तर ते कामाचे नाही.

शिक्षकांना येथे एक कळकळीची सूचना. प्लास्टरात मुलांना हात बुडवून ठेवू देऊ नका. हाताचा ठसा घेण्याची हौस मुलांना असते, पण मोठ्या गोळ्यात अडकलेला हात त्या उष्णतेने भाजतो. सन २००७ मध्ये इंग्लंडमधील एका शाळेत एका मुलीने असा हात घातला आणि तिला बोटे गमवावी लागली. तसेच भुकटी उडते तेव्हा नाकातोंडाला फडके बांधावे.

साचा टिकवायचा असेल तर त्याचे तीन वैरी ओळखा: तेल, ऊन आणि तांबे. तेलाने रबर फुगते आणि लिबलिबीत होते. उन्हाने ते तडकते. तांब्याचा अंश लागला की ते लवकर खराब होते. यातून एक मोह टाळायचा आहे. पहिला विचार मनात येतो तो घरातल्या देव्हाऱ्यातील पितळी मूर्तीवर साचा घेण्याचा. पितळेत तांबे असते, मूर्तीला वर्षानुवर्षांचे तेल लागलेले असते आणि अमोनियाने पितळ काळवंडते. साचाही जातो आणि मूर्तीही. काम झाल्यावर साचा साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, पूड लावून, अंधाऱ्या जागी कवचातच ठेवा. एवढी निगा राखली तर एका साच्यातून डझनावारी वस्तू निघतात.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग गणपतीच का ओतू नयेत? याचे उत्तर स्वच्छ दिले पाहिजे. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही. एका लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. शाडूची मूर्ती पाण्यात बसून पुन्हा माती होते, प्लास्टरची मूर्ती उल्हासच्या किंवा पाताळगंगेच्या डोहात पुढच्या उन्हाळ्यातही दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० च्या सुधारित सूचनांत विसर्जनाच्या मूर्तींना प्लास्टर नको असे म्हटले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला वाट मोकळी केली, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात त्यांचे विसर्जन करू नये असे सांगितले. पेणच्या भागात हजारो हातांची भाकरी या प्रश्नात अडकलेली आहे, म्हणून तो एका वाक्यात निकालात काढण्यासारखा नाही. पण आपण नव्याने शिकत आहोत, तर सुरुवातीपासून भेद पाळणे आपल्या हातात आहे. जे भिंतीवर किंवा फडताळात राहायचे ते प्लास्टरचे, जे पाण्यात जायचे ते मातीचे. त्यासाठी शाडूची माती भावनगरकडून येते, आणि साचा प्लास्टरचा लागतो हे वर सांगितलेच आहे.

दुसरी गोष्ट नीतीची. चीक कशावरही लावता येतो, आणि बाजारातून आणलेल्या सुंदर वस्तूवरही तो तितकाच छान बसतो. एका रात्रीत दुसऱ्याच्या महिन्याभराच्या कामाची नक्कल आपल्या हाती येते. मूर्तिकार मूळ नमुना घडवतो त्यात त्याची नजर, त्याचे वय आणि त्याची उपासमारही असते. त्याची परवानगी न घेता साचा घेऊन वस्तू विकणे म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकातून भारा कापून नेणे होय. सन १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही शिल्प हे कलाकाराच्या हक्काचे मानले आहे.

आपल्या तालुक्यातच याचा एक जुना दाखला आहे. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यात एका भंगलेल्या मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ लावला जातो. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाव नाही. करणाऱ्याचे आणि त्याच्या गुरूचे नाव आहे. शिक्षकांनी मुलांची सहल तेथे जरूर न्यावी, चैत्याच्या कमानीचे चित्र वहीत काढू द्यावे आणि परत आल्यावर त्यावरून मातीचा नमुना करवून घ्यावा. मात्र लेण्याच्या दगडाला चीक, माती, प्लास्टर असे काहीही लावू देऊ नये. ती संरक्षित वास्तू आहे, आणि चीक सोलताना झिजलेल्या दगडाचा पापुद्राही निघून येईल.

शाळेत हे काम तीन आठवड्यांत बसते. पहिल्या आठवड्यात नमुना घडवून वाळवायचा आणि लाख लावायची. दुसऱ्या आठवड्यात रोज दोन हात या बेताने चीक लावायचा, तो मात्र शिक्षकाने किंवा जाणत्या मुलांनी. तिसऱ्या आठवड्यात कवच, ओतकाम आणि रंग. त्याबरोबर विज्ञानाचा धडाही होतो: चीक का नासतो, प्लास्टर का तापते, पाणी मोजून का घ्यायचे. घरी करणाऱ्याने पहिल्या दहा पट्ट्या विकायला काढू नयेत. त्यांतले दोष पाहून साचा सुधारावा. मग चीक, प्लास्टर, रंग आणि स्वतःची मजुरी असा चोख हिशेब मांडून किंमत ठरवावी. माथेरानला येणारे प्रवासी आणि महडच्या वरदविनायकाला येणारे भाविक आपल्याच वाटेवरून जातात. त्यांना येथली लोंबी, येथली कमान आवडेल. मात्र मुंबईच्या बाजारातल्या वस्तूची नक्कल येथे येऊन कोणी कशाला घेईल?

आणि पट्टीचे प्लास्टर ओले असतानाच तिच्या पाठीवर, ज्याने मूळ नमुना घडवला त्या मुलाचे नाव काडीने कोरू द्या.